स्लॅगची खूण

मोहोपाडा,
दि. ११ फेब्रुवारी २०२५

संतोष,

माझा फोन तू उचलत नायस. हिरूकाका लोधिवलीला निघालाय, त्याच्याजवळ हे पत्र देतोय. कसा हायस? पायाची जखम भरली का? तुझ्या आईंना नमस्कार सांग.

इकडं माझं बरं हाय. बरं कसलं रं! नम्रता बाळंत होऊन अठरा दिवस झाले, पोरगी झाली. दोघी कोंडाण्याला, माहेरी. इथून दीड तासाची वाट, पण पोरीचं तोंड मी अजून फोटोतच बघतोय. सुट्टी मागितली की साहेब म्हणतात, "वाल्मिक, तू गेलास तर भट्टी कोण बघणार?"

आपली जुनी भट्टी बरी होती. निकेल-प्लॅटिनमचा एक घाणा झाला, ओतला, की चहा, गप्पा आणि घर. ही नवीन अखंड चालते. वरून माल पडतोच हाय, आत हवेचा झोत चालूच हाय, खालून धातू निघतोच हाय. थांबवली तर आत सगळं गोठून दगड होईल. आणि सळई बुडवून तिला चिकटलेला धातूवरचा मळ, ती स्लॅग, बघून हवा कमी-जास्त करणारा माणूस मी एकटाच. खोलीवर जेवायला बसलो तरी फोन येतो. जीव नुसता कोंडलाय.

एकटाच का, ते आता सांगतो.

स्लॅग काळी, खरबरीत दिसली तर हवा वाढव, असं मी तुला शिकवलं. उलटं शिकवलं रं. तेव्हा हवा कमी करायची असते. मला वाटलं, दोघांना जमलं तर कंपनी एकालाच ठेवील. तू एकदा चुकशील, साहेब ओरडतील, एवढंच मनात होतं. करायला गेलो एक, झालं भलतंच. स्लॅग दुधासारखी उतू जाऊन तुझ्या पायावर येईल असं आईशप्पथ वाटलं नव्हतं.

चौकशीत तू म्हणालास, "माझ्याच ध्यानात उलटं राहिलं असंल." मी शेजारीच उभा होतो. गप्प राहिलो. तुला काढलं, तरी गप्पच.

तू परत आलास तर मला सुट्टी मिळेल, हा स्वार्थ पण यात हाय, लपवत नाय. पण साहेबांच्या केबिनपर्यंत तीनदा जाऊन मागं फिरलो. तोंडच उघडत नाय. म्हणून खाली पूर्ण नाव लिहून सही करतोय. हे पत्र त्यांना दाखवलंस तर माझी नोकरी जाईल.

दाखव.

वाल्मिक पदू ठोंबरे