गुडगुड बंद मोहीम

३ जून
शाळेला सुट्टी लागली. घरात मात्र परीक्षा.
इवेलीसने आज अल्टिमेटम दिला. ती रात्रपाळीची नर्स, म्हणजे तिनं झोपायचं दिवसा. आणि तिच्या उशापलीकडच्या भिंतीला लागून माझी खाऱ्या पाण्याची माशांची टाकी. वरच्या टाकीतलं पाणी कोपऱ्यातल्या पेटीत सांडतं, पाइपातून कपाटातल्या खालच्या टाकीत उतरतं, पंप ते परत वर चढवतो. किती साधं! फक्त पाइप पाण्याबरोबर हवाही गिळतो आणि जरा गुडगुडतो. इवेलीस म्हणते, गुडगुडत नाही, ढेकर देतो. तीन आठवडे तिला सलग तीन तास झोप नाही. परवा म्हणे पेशंटच्या तोंडात थर्मामीटर ठेवला आणि हिलाच डुलकी लागली.
सान हुआनच्या सणापर्यंत, म्हणजे २४ जूनपर्यंत, आवाज थांबला नाही तर टाकी तिच्या भावाकडे, एडगार्डोच्या दातांच्या दवाखान्यात. चिचोसकट! चिचो म्हणजे माझा क्लाउनफिश. त्यानं जन्मभर ड्रिलची घरघर ऐकायची? जीव तुटतो नुसत्या विचारानं.
संकल्प: आठ दिवसांत काम फत्ते.

४ जून
उपाय सापडला. पाइप पाण्यानं पूर्ण भरलेला ठेवायचा. हवा नाही, तर आवाज नाही. त्यासाठी खाली एक व्हॉल्व्ह, तो थोडासा आवळायचा. शेजारी दुसरा पाइप, कोरडा, पहिला तुंबलाच तर म्हणून. बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतोय. पाणी माझं ऐकतं. वर्ग ऐकत नाही, ते वेगळं.
सासूबाई (डोन्या प्रोवी, मुक्काम आमच्याकडेच) म्हणाल्या, नीतो प्लंबरला का नाही बोलावत? त्यांना गुरुत्वाकर्षण समजावून सांगितलं. म्हणाल्या, माहीत आहे, मी बाथरूममध्ये दोनदा पडलेय.

६ जून
तात्पुरता उपाय: पाइपाच्या तोंडात स्पंज. अहाहा, काय शांतता! चाळीस मिनिटं. मग वरची टाकी काठावरून वाहायला लागली आणि सासूबाई किंचाळल्या. इवेलीस उठली. ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.
प्रयोग यशस्वी. आवाज पाइपातूनच येतो हे सिद्ध झालं.

९ जून
पाइप कापले, जोडले. एल्बोचं, म्हणजे वळणाच्या तुकड्याचं, तोंड भिंतीकडे गेलं. चिकटवायचं सोल्यूशन दहा सेकंदांत पक्कं होतं, ही माहिती अकराव्या सेकंदाला मिळाली.

१० जून
पुन्हा जोडणी. यावेळी एल्बो बरोबर, अंगठाही बरोबर चिकटला. दिवसभर पंप बंद होता, चिचोसाठी आत नुसता पाणी हलवणारा छोटा पंखा. इवेलीस सहा तास झोपली. म्हणाली, पंप असाच बंद राहू दे की कायमचा. विनोदी आहे बाई.

१३ जून
नीतो 'सहज' आला. सासूबाईंनीच धाडला असणार. कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, हे कुणी केलं? मी अभिमानानं सांगितलं. म्हणाला, वाटलंच.
मत्सर.

१६ जून
व्हॉल्व्ह जरा उघडा ठेवला की ढेकर, जरा आवळला की पेटीत पाणी चढतं आणि दुसऱ्या पाइपातून धबधबा. केसभर इकडे, केसभर तिकडे. तीन दिवस स्टूल टाकून बसलोय. इवेलीस म्हणाली, लग्नानंतर माझ्याकडे कधी इतका वेळ बघितलं नाहीस.
डोळ्यांखाली केवढी काळी वर्तुळं आलीयत तिच्या. लाज वाटली. पुन्हा स्टुलावर बसलो.

१९ जून, दुपारी १२.४०
शांतता!!! कान लावला. काही नाही. कानात बोळा घातलाय का असं वाटावं इतकी.

२० जून
शेवटचा हात: खालची टाकी काठोकाठ भरली. ते मोठं वादळ येऊन गेल्यापासून आमच्या गल्लीत कुणाच्याच घरी रिकामं भांडं दिसत नाही. पाण्यावाचून तीन महिने काढलेली माणसं आम्ही. पिंप, बादल्या, बाथटब, सगळं तुडुंब. अर्धी टाकी बघितली की माझा हात आपोआप बादलीकडे जातो.
सासूबाई तुरीच्या दाण्यांचा भात ढवळता ढवळता म्हणाल्या, जावईबापू, साठवणीचं पिंप काठोकाठ भरावं, चुलीवरचं भांडं नाही. उकळी आली की जागा लागते. मी म्हटलं, टाकी उकळत नसते. वर खरवड खाल्ली, विषय संपला.

२२ जून
इवेलीस सात तास झोपली. सात! उठून आली, टाकीवर हात ठेवला, मग माझ्या गालावर. क्रम लक्षात आला, पण सोडून दिलं. टाकी घरातच राहणार म्हणाली! चिचोला दुप्पट खाऊ.
तिला एकच हळहळ. उद्या सान हुआनची रात्र, सगळं गाव समुद्रात उलटं पडणार, पाठीवर, बारा वेळा, वर्षभराच्या नशिबासाठी. आणि हिची रात्रपाळी. चार वर्षांची होती तेव्हापासून कधी चुकवलं नाही म्हणे. मला वाईट वाटलं. पण समुद्र काही घरी आणता येत नाही.

२३ जून, संध्याकाळी
सकाळी विजयाप्रीत्यर्थ बेकरीत गेलो. बेकरीवाल्याला पाइपाचं चित्र पिशवीवर काढून दाखवत होतो, तेवढ्यात लाइट गेली. त्यात काय नवीन? मी चित्र पूर्ण केलं. व्हॉल्व्हसकट.
लाइट गेली म्हणजे पंप बंद. पंप बंद म्हणजे पेटीतलं, पाइपातलं आणि वरच्या टाकीच्या काठावरचं पाणी खाली. खालची टाकी काठोकाठ. हे मला बेकरीतच, दुसरा पाइप काढताना सुचलं. धावलो.
सासूबाई मालिका बघायला शेजारी, तिथे जनरेटर आहे. इवेलीस गाढ झोपेत. पूर्वी पंप थांबला की गुडगुड थांबायची आणि आम्हाला कळायचं. आता शांतताच शांतता, कळणार कसं? वीस लिटर खारं पाणी खोलीतून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून बेडरूममध्ये, एकही आवाज न करता.
मी दारात पोचलो आणि लाइट आली. अख्खी गल्ली 'लाइट आली!' म्हणून ओरडली. त्या ओरड्यानं इवेलीस उठली, पाय खाली टाकला, आणि उलटी, थेट पाठीवर, धप्प!
मी डोळे मिटले. ऐकू आलं ते हसू. ती पाण्यात बसून हसत होती, ओठ चाटून म्हणत होती, अरे, खारट आहे! सासूबाई मागून आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, एक झालं, अकरा राहिली.
अकराही झाली. दोनदा मी पडलो, त्यातलं एकदा मुद्दाम.

२४ जून
निकाल: टाकी राहणार. इवेलीस म्हणते, महापुरातसुद्धा झोप लागते म्हणजे पाइप उत्तमच आहे. मी मान झुकवून कौतुक स्वीकारलं. मग पुढचं वाक्य आलं. व्हॉल्व्हचा ताबा सासूबाईंकडे. त्यांनी सगळ्यांदेखत लाइट बंद करून पाणी कुठवर चढतं ते बघितलं आणि खालच्या टाकीवर लाल नेलपॉलिशनं रेघ मारली. बरोबर भाताच्या पातेल्याएवढी जागा सोडून.
मला चिचोला खाऊ घालायची परवानगी आहे. एक चिमूट.

२८ जून
एडगार्डोचा फोन. दवाखान्यात स्वतःची टाकी घेतोय, तशीच बिनआवाजाची हवी. मी म्हटलं, येतो की, वेळ काढतो कसाबसा. तो म्हणाला, आईला फोन दे.
सासूबाई उद्या आठला निघणार. टूलबॉक्स मी उचलायचाय.