मांजराच्या अंघोळीचा मोर्चा

३ नोव्हेंबर, शुक्रवार

औषधाच्या दुकानाबाहेर आज झकास जमलो! आम्ही बहिरी माणसं भेटतो ती दिव्याखालीच — अंधारात हात दिसत नाहीत, मग बोलायचं कशानं? टोपीकाकांनी नातीनं मांजराला अंघोळ घातल्याची गोष्ट सांगितली. मांजर काकाच, नात काकाच, साबणही काकाच. हसून हसून माझं पोट दुखलं. काकांच्या घरी कुणालाच हातांची भाषा येत नाही. आठवडाभराचं बोलणं ते शुक्रवारसाठी साठवून आणतात.

कुणीतरी मोबाईलवर आमचं शूटिंग करत होतं. करेना का!

४ नोव्हेंबर, शनिवार

ताईचा मेसेज — "मोर्चात गेलीस? मला बोलली नाहीस!"

टीव्ही लावला. आम्हीच! खाली ठळक अक्षरं: 'चौकात मूक मोर्चा, मागण्या गुलदस्त्यात'. टोपीकाकांचे हात वर, तोंड वेडंवाकडं, भोवती लाल गोल — 'नेत्याचा आक्रोश'. अगं बाई, ते मांजर होतं!

आधी हसले, मग चिडले. मूक म्हणे! संध्याकाळभर कुणी कुणाला बोलू देत नव्हतं.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

दुकानाबाहेरचा दिवा बंद. औषधवाल्याने हात जोडले. मी ओठ वाचले — "ताई, गिऱ्हाईक बिचकतंय. राजकारण नको." माणूस वाईट नाही. एक बाई पाठिंबा द्यायला कोरा फलक घेऊन आल्या होत्या. मागणी कळली की लिहिणार!

टोपीकाका आलेच नाहीत. निरोप आला, सून सोडत नाही. "या वयात मोर्चे?" म्हणते. आता हा माणूस बोलणार कुणाशी? जीव तुटतो.

१२ नोव्हेंबर, रविवार

राहवलं नाही, काकांच्या घरी गेले. सून दारातच भराभर बोलायला लागली. ओठ वाचता येईनात. शेवटी तिने मोबाईलवर लिहिलं — "बाबांना आमचा एवढा कसला राग आहे? घरात तर कधी हात वर करत नाहीत."

मी लिहिलं, राग नाही. मांजराच्या डोळ्यांत साबण गेलाय, आणि तुमची लेक टॉवेल घेऊन मागे धावतेय.

तिने दोनदा वाचलं. हसली नाही. "हे आम्हाला कधी सांगितलंच नाही त्यांनी."

मोबाईल परत दिला.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवा आजही बंद. तरी टोपीकाका लख्ख दिसत होते, मांजरासकट. समोर सून टॉर्च धरून उभी होती.