दोन नंबरच्या टाकीचा भोंगा

अहो,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

काल पेट्रोल पंपावर तुमची पाळी संपून माझी सुरू होताना दोन नंबरच्या टाकीचा भोंगा वाजला, आणि माझ्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून तुम्ही बटण दाबून तो गप्प केलात. तुम्ही घरी आलात, पण भोंग्याच्या यंत्रावरचा लाल दिवा तसाच! मी टाकीत मापाची काठी घातली, तर पेट्रोलखाली तळाला चार बोटं पाणी. लगेच विक्री थांबवली. देवानेच राखलं, नाहीतर तुमची नोकरी गेली असती.

तिथे चारचौघांत बोलवेना आणि रात्री आले तर तुम्ही झोपलेले. त्या दोन मिनिटांची ओढ मलाही असते हो. पण उद्यापासून भोंगा वाजला की आधी काठी घाला. तुमच्या शेजारी नुसती उभी राहिले तरी मी भरून पावते.