चिंगीला वर्ष पुरं होऊ द्या

१० मार्च १९६८, रविवार
पिल्लू घरात आलं. शेजारचे शेतकरी मि. टकर स्वतः कोटाच्या आत घालून घेऊन आले. ग्रेहाउंडसारख्या लांब तंगड्या, अंगावर टेरियरचे राठ केस. इथे इंग्लंडात अशा मिश्र कुत्र्याला लर्चर म्हणतात, सशांसाठीच पाळतात. दोघी बहिणी. धडधाकट ती त्यांनी ठेवली, तिचं नाव बेस. बारकी मला. मी चिंगी नाव ठेवलं. टकरना म्हणता येत नाही. शिकतील.

व्यवहार साधा. त्यांच्या शेतात ससे फार झालेत, कोवळा गहू कडेकडेने साफ करतात. चिंगीने मोठी झाल्यावर ससे धरायचे, आणि मी त्यांच्या सगळ्या शेतांतून हवं तेव्हा फिरायचं. दोन वर्षं हॉस्पिटलच्या क्वार्टरच्या भिंती बघतेय. मी पटकन हो म्हटलं.

हे ड्यूटीवरून आले ते दारातच थबकले.
"शालन, हे काय?"
"कुत्री."
"ते दिसतंय. डॉक्टरच्या बायकोने आता सशांमागे धावायचं?"
"मी नाही धावणार. ती धावेल."
जेवताना चिंगी त्यांच्या बुटावर झोपली, पाय मात्र हलवला नाही.

१८ मार्च
शिकवणं सुरू. म्हणजे एवढंच: "चिंगी, ये" म्हटलं की यायचं. आली की भाकरीचा तुकडा. (पीठ गव्हाचंच, पण आम्ही भाकरी म्हणतो.) मराठीतच शिकवणार. टकर म्हणाले, इंग्लिश कुत्री आहे, तिला कळणार नाही. कळतं. आज तीनदा आली, चौथ्यांदा पडद्यात अडकली.

२६ मे
ब्रिस्टलला जाताना बसमध्ये शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी. एप्रिलमध्ये त्या पुढाऱ्याने बाहेरून आलेल्यांविरुद्ध भाषण ठोकल्यापासून हे जास्तच. एक बाई मैत्रिणीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेताने, की हे लोक कुत्र्यांशी कसं वागतात देव जाणे. मांडीवर चिंगी ढाराढूर झोपलेली. मी बाईकडे बघत राहिले, तिने मान वळवेपर्यंत.

घरी येऊन सशाचं कातडं काठीला बांधलं, गवतातून ओढलं. चिंगीने धरलं. सोडेना. छान. पण खेळ थोडाच, कंटाळायच्या आत बंद.

१४ जुलै
टकर (यापुढे ट., दरवेळी कोण लिहिणार) बेसला आज पहिल्यांदा खऱ्या सशांवर घेऊन गेले. सहा महिन्यांची झाली. कुंपणावरून ओरडून सांगितलं, "तुमची अजून कातड्याच्या बाहुलीशीच खेळतेय का, मिसेस डॉक्टर?"
"वर्ष झाल्याशिवाय सोडणार नाही."
"वर्ष! वर्षभर बसवलीत तर शेगडीपुढची म्हातारी होईल. सहा महिन्यांचं पिल्लू म्हणजे कामाला लागलंच पाहिजे. माझे वडील हेच करत."

माझे काकाही काहीतरी करत. जतच्या माळावर आप्पाकाकांची कारवानी कुत्री होती, नुसती काटकी, पण सशाला वळायला वेळ देत नसत. त्यांचं एकच म्हणणं. हाक मारली की यायला पहिल्या दिवसापासून शिकवा, धावायला मात्र वर्षानंतर. आधी पळवलं तर हाडं बिघडतात, आणि दोन ससे निसटले की पिल्लू हिरमुसतं, मग पुढे जीव तोडून धावत नाही. पिल्लं वाढवायचो आम्ही बायका. माळावर जायचे पुरुष. मला एकदाही नेलं नाही. वेशीपर्यंत पोचवायला जायचं आणि परत.

इथे वेस नाही.

८ सप्टेंबर
बेसने या आठवड्यात पुन्हा ससे धरले. धरते, खोटं का लिहू. बघायला सुंदर दिसते. ट. दारावर एक ससा ठेवून गेले, वर चेष्टेने म्हणाले, "तुमच्या चिंजीला दाखवा, कसा असतो ते."

हे म्हणाले, "तो माणूस जन्मभर कुत्री पाळतोय. तुझा हट्ट कशासाठी?"
"तुम्ही पेशंटला ऑपरेशनच्या टेबलावर शेजाऱ्याच्या घाईने घेता का?"
"विषय कुठे नेतेस."
माझं चुकत असेल का? असेलही. तरी नाही सोडणार. तिचे मागचे पाय अजून तिचे तिलाच सावरत नाहीत, वळताना घसरते. मला रोज दिसतं. ट.ना महिन्यांचा हिशोब दिसतो, पाय दिसत नाहीत.

२२ ऑक्टोबर
लंडनजवळच्या हाउन्सलोहून आज परत आले. वन्सं दिवाळीला या म्हणाल्या म्हणून चार दिवस गेले होते. यांना सुट्टी नव्हती. चिंगी यांच्याकडे.

घरात शिरले तर चिंगी धावत आली नाही. बाथरूममध्ये टबामागे. हाक मारली, शेपटी हलली, पण बाहेर येईना.

हे खुर्चीत बसून होते, कोट न काढता. हळूहळू सांगितलं. रविवारी ट. आले, म्हणाले, बायको नाही तर चला, दोन्ही बहिणींना एकत्र नेऊ, शिकेल. हे गेले. ससा उठला, चिंगी मागे, आणि ट.नी तिच्या डोक्यावरून बंदुकीच्या दोन्ही नळ्या झाडल्या. कुत्री जी पळाली ती अंधार पडेपर्यंत सापडली नाही. कालव्याच्या पुलाखाली होती.

"मला वाटलं तुला बरं वाटेल. परत येशील तेव्हा तयार..."
"कोणासाठी तयार?"


लाडवांचा डबा तसाच टेबलावर. मी बाथरूमच्या फरशीवर बसून

२३ ऑक्टोबर
काल पुढे लिहिलं नाही. फरशीवर बसून रडले, तेवढंच होतं.

सकाळी ट.च्या अंगणात जाऊन उभी राहिले. पायात हाउन्सलोला घातलेल्याच चपला, चिखलात.
"माझ्या कुत्र्याला हात लावायचा नाही. मला विचारल्याशिवाय नाही, माझ्या नवऱ्याला विचारून तर अजिबात नाही."
ते टोपी काढून म्हणाले, "एक वर्षाची होऊनही हेच झालं असतं. काही कुत्री जन्मतःच भित्री."
"मग तुम्हाला कळायला पाहिजे होतं. तुम्ही जन्मभर पाळताय ना."
त्यांची बायको खिडकीतून बघत होती. तिने पडदा ओढला नाही.

५ नोव्हेंबर
इंग्रजांची दरवर्षीची फटाक्यांची रात्र. गावभर होळ्या. चिंगी टबामागे, मी तिच्याशेजारी उशी घेऊन. अंगभर कापत होती.

संध्याकाळी आधी ट. आले होते. दारातच उभे, टोपी हातात. म्हणाले, बंदुकीला घाबरलेलं कुत्रं सुधारत नाही, मिसेस डॉक्टर. चूक माझी, म्हणून मीच करतो. तिला कळणारही नाही, एकच गोळी. मनापासून बोलत होते. तेच जास्त लागलं.

मी म्हटलं, "तुम्ही चांगल्या मनाने आलात म्हणून दार आपटत नाही. पण बंद करतेय."

केलं.

१५ डिसेंबर
या हिवाळ्यात सरकारने घड्याळं नेहमीसारखी तासभर मागे केलीच नाहीत, सकाळी साडेआठलासुद्धा मिट्ट काळोख. त्यात आमचा कारखाना.

कारखाना म्हणजे: चिंगीला जेवण स्वयंपाकघरात, आणि बागेच्या टोकाला उभं राहून हे हॉस्पिटलचा जुना स्टीलचा ट्रे चमच्याने वाजवतात. अगदी हळू. खातेय तोवर वाजवायचं, थांबली की थांबायचं. दर थोड्या दिवसांनी दोन पावलं घराकडे. कल्पना माझी, वाजवणं यांचं. स्वतःहून म्हणाले, "माझ्यामुळे झालं, ट्रे मी वाजवतो." पांघरलेल्या शालीत, थंडीत, एफ.आर.सी.एस. झालेला माणूस. मागच्या घरची म्हातारी विचारत होती, हा तुमचा धार्मिक विधी का? मी हो म्हटलं.

गुरुवारी यांच्या हातून ट्रे पडला. चिंगी पुन्हा टबामागे. हे एवढे कसनुसे झाले की मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी दोघं हसलो. ट्रे परत बागेच्या टोकाला.

१६ फेब्रुवारी १९६९, रविवार


चिंगी वर्षाची होऊन गेली. पाय भरलेत, वळताना घसरत नाही. पहाटे बर्फाळ गवत, मी आणि ती, बंदूक नाही, माणूस नाही. ट.च्या वरच्या शेतात. कुंपणापासून बऱ्याच लांब एक ससा चरत होता. आपल्याकडचा ससा उघड्यावर राहतो, पळतच सुटतो. इथला बिळात घुसतो, म्हणून त्याच्या आणि बिळाच्या मधे यावं लागतं. हे मी शिकवलं नव्हतं. पट्टा सोडला. ती सशाकडे गेलीच नाही, बिळाकडे गेली. ससा वळला तो थेट तिच्या तोंडात.

मग मी म्हटलं, "चिंगी, ये."
आली. सगळं शेत ओलांडून, मान उंच, ससा जिवंत, दात न रुतवता माझ्या हातात. सशाची मान मोडावी लागली. मोडली. माळावर हे पुरुष करत आणि आम्हाला सांगत, बायकांना बघवत नाही. बघवलं.

वन्संनी दिलेला मसाला घालून रस्सा केला. यांनी दोनदा वाढून घेतलं आणि मग म्हणाले, "बंदुकीची गरजच काय हिला?" तेच तर.

दुसरा ससा धरला तो ट.च्या फाटकाला टांगून आले.

२२ जून
ट.च्या मटारच्या शेतात पाखरं उडवायचं कार्बाइडचं यंत्र लावलंय, मधूनच धडाम करतं. पहिल्या दिवशी चिंगी माझ्या पायात घुसली. आज लांबून आवाज ऐकला, कान पाडले, माझ्याकडे बघितलं आणि गवत हुंगायला लागली. बरी झाली असं म्हणणार नाही. पण पळाली नाही.

गावातल्या शूटिंग क्लबने ट.ना सांगितलंय, ससे आम्ही मारू, शेत आम्हाला द्या, पण मग त्या कुत्रीने आणि त्या बाईने तिथे फिरायचं नाही. बंदुकीपुढे न टिकणारं कुत्रं मधे आलं तर अपघात होईल. ट. माझ्याशी सरळ बोलले. "कापणीच्या दिवशी क्लबचे सगळे येणार. तुम्हीही या. त्या दिवशी बघून ठरवतो. माझी बेस त्यांना चालते, तुमची चिंगी चालते का ते बघू."
नाव बरोबर म्हणाले. दोघांच्याही लक्षात आलं.

१५ ऑगस्ट
हे: "उद्या कापणीला जाऊ नकोस. कुणाला काय सिद्ध करायचंय?"
मी: "सिद्ध नाही. फिरायचंय. या क्वार्टरमध्ये परत बसायचं नाही मला."
"आणि ती परत पळाली तर?"
"शोधीन."
मग म्हणाले, "उद्या सुट्टी घेतोय. पण शेतात येणार नाही. पुलाशी थांबतो, तिकडे आली तर मी असेन."
या माणसावर राग फार दिवस टिकत नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार. दुपार, शेताच्या कडेला
जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. वही डब्याच्या पिशवीत घालून आणली. संध्याकाळी लिहावंसं वाटेल की नाही माहीत नाही.

सकाळी आल्याआल्या क्लबच्या माणसांना म्हटलं, "हा कोपरा माझा. या बाजूला कुणीही बंदूक वळवायची नाही." एक लालबुंद म्हातारा म्हणाला, मॅडम, इथे बायका सँडविच घेऊन येतात. मी म्हटलं, मी पराठे आणलेत, हवे तर देते, कोपरा देणार नाही. दोघेचौघे हसले. ट. हसले नाहीत. म्हणाले, "ऐकलंत ना, कोपरा त्यांचा."

कापणीचं यंत्र, कंबाइन, सकाळपासून शेताला गोल फेऱ्या मारतंय. उभं पीक आत आत आक्रसत गेलंय. सगळे ससे त्यातच. आतापर्यंत पलीकडच्या बाजूला पाचसहा बार झाले. पहिल्याला चिंगी ताडकन उठली. पट्टा ताणला. मी काही बोलले नाही, हातही फिरवला नाही. कुरवाळलं की तिला वाटतं, भ्यायला कारण आहे. उभी राहिली. तिसऱ्या बारानंतर बसली. डोळे पांढरे दिसत होते, पण बसली. बेस समोरच्या कडेला, अगदी राणी. तीन ससे धरून झालेत तिचे.

आता मधला तुकडा राहिलाय, आपल्या अंगणाएवढा. खरी गंमत तिथेच होणार. सगळ्या बंदुका जवळ सरकल्यात.

ट. आत्ता येऊन शेजारी बसले, पराठा घेतला. तोंडात घास असतानाच म्हणाले, "आता घेऊन जा तिला. सकाळभर टिकली, माझ्या हिशोबी पुरे. कुणी काही म्हणणार नाही."
"आणि शेत?"
ते पराठ्याकडे बघत राहिले.
"मग थांबते."
"बार तिच्या डोक्यावरून जाणार, मिसेस डॉक्टर."
"माहीत आहे. या वेळी तिच्याबरोबर मी आहे."

उठले, कपडे झटकले, क्लबच्या माणसांकडे गेले, काहीतरी बोलताहेत. हातवारे करून. काय ते ऐकू येत नाही. लालबुंद म्हातारा मान हलवतोय.

चिंगी उभी राहिलीय. पिकाकडे बघतेय, बंदुकांकडे नाही. अंग कापतंय. भीतीने की सशांच्या वासाने, मला सांगता येत नाही, आणि तिला विचारताही येत नाही.

कंबाइन सुरू झालं.

पट्टा काढते.