अर्धं कापलेलं ओडूम

सोमवार, ४ मार्च १९९१

पोचलो एकदाचा बेडियाक्रोमला! किनाऱ्यावरच्या सेकोंडीहून निघताना बायको म्हणाली होती, रानातल्या लोकांत जाऊन काय दिवे लावणार? तिने आता येऊन पाहावं. फळ्यांचे व्यापारी ओपानिन बोआडू स्वतः स्टँडवर घ्यायला आले, माझी हत्यारांची पेटीही त्यांनीच उचलली. रेल्वेच्या कारखान्याने घरी बसवल्यापासून इतका मान मला कोणी दिला नव्हता. काम एकच, त्यांची जुनी इंजिनाची करवत चालू करून द्यायची. ती चालली की चौकातली टपरी माझी. माझं स्वतःचं वर्कशॉप!

संध्याकाळी माआमे फोसुआंच्या खाणावळीत फुफूचे मऊ गोळे आणि बोकडाचा रस्सा. जो तो चौकशी करत होता, जन्म कुठल्या वाराचा, आईची कुळी कोणती. आता खरं म्हणजे मी न्सोना, आणि बोआडूंसकट अर्धं गाव त्याच कुळीचं. इकडे तिला आसोना म्हणतात इतकंच. पण तसं सांगितलं की झालो मी सगळ्यांचा भाचा, आणि भाच्याला दुरुस्तीचे पैसे कोण देतो? मी बेधडक त्विदान सांगून टाकली. त्या कुळीचं इथे कोणीच नाही, असं माआमे म्हणाल्या आणि माझ्या वाडग्यात मटणाचा आणखी एक तुकडा टाकला. बोआडूही खूश दिसले.

मंगळवार, ५ मार्च

करवत पाहिली. पूर्वीच्या काळचं अवजड धूड, उचलताना कंबर बोलते. गंजाचे पापुद्रे नुसत्या नखाने निघतात. पिस्टन जाम. रॉकेलमध्ये भिजत घातलाय, उद्या लाकडी ठोकळ्याने हळूहळू ठोकून सोडवीन.

एक गोष्ट खटकली. बोआडू सांगतात, करवत कित्येक वर्षं गोदामात पडून होती. मग चेनच्या पट्टीवर ओला चीक कसा? बोटाला चिकटला, हुंगून पाहिला, ताजा. माणूस खोटं बोलतोय. कशासाठी, ते मात्र कळत नाही.

शुक्रवार, ८ मार्च

पिस्टन सुटला. कार्बोरेटर धुऊन लावला. चेनचा एकेक दात कानशीने घासला. हात अजून कामाला आहेत, याचा मला मनापासून आनंद झाला.

गावातले करवतवाले दारात येऊन उभे राहतात, उंबरा ओलांडत नाहीत. त्यातल्या एका धिप्पाड गड्याला म्हटलं, जरा धर, बोल्ट आवळतो. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. बोआडू हसून म्हणाले, "अरे मिस्त्री, ही आता तुझी बायको, हिला दुसरा कोणी हात लावेल का?" सगळे खिदळले. मला हसू आलं नाही. काम झालं की हे मला टपरीऐवजी ठेंगा दाखवणार, असा माझा दाट संशय आहे.

सोमवार, ११ मार्च

चालू झाली! दोरीच्या पहिल्याच झटक्याला. आवाज असा की कोंबड्या छपरावर चढल्या. आणि रस्त्यावरची माणसं? सगळी घरात. टाळी सोडा, कोणी खोकलंसुद्धा नाही.

टपरीची किल्ली मागितली. बोआडू म्हणाले, आधी एक झाड पाड. मी फिटर, लाकूडतोड्या नाही. तर म्हणे, "तू तिला उठवलंस ना? आता ती तुझ्याच हातची."

मंगळवार, १२ मार्च

माआमे फोसुआंना गाठलं. केळी सोलता सोलता त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता.

कोकोच्या मळ्यांच्या वाटेवर ओडूमचं एक मोठं झाड आहे, अर्धं कापलेलं. कित्येक वर्षांपूर्वी टाक्यी नावाच्या करवतवाल्याने ते सुरू केलं होतं, याच करवतीने. अंडं न फोडता, झाडाची परवानगी न घेता. दुसऱ्या दिवशी करवत कापात अडकलेली सापडली. टाक्यी नाही. कपड्याची चिंधीही नाही. सगळ्या गावाने ओढली तरी करवत निघेना.

गेल्या महिन्यात झाडाने ती आपणहून सोडली. तेव्हापासून खोड कण्हतं. त्या वाटेने कोणी जात नाही, कोको झाडावरच कुजतोय.

सुरू केलेलं झाड त्याच करवतीने संपवायचं. जो तिला उठवील त्याने. त्याचं नाव झाडाला सांगायचं. आणि तो आपल्या कुळीचा नसावा, आपल्या रक्ताचं माणूस देता येत नाही.

देता येत नाही, म्हणाल्या. देता!

धावत बोआडूंकडे गेलो. म्हटलं, मी न्सोना आहे हो, तुमचाच, खोटं बोललो होतो. ते पोट धरून हसले. "काल त्विदान, आज आसोना, उद्या अशांती लोकांचा राजा होशील का रे?"

लॉरीवाला मला बसवून घेत नाही. पेटी कोणीतरी उचलून नेली आहे.

बुधवार, १३ मार्च

सकाळ. झाडाखाली. हाताला धरून आणलं मला.

बोआडूंनी अंडं फोडलं. दारू ओतली. म्हणाले, आम्ही नाही, हा कापतोय तुला. त्विदान कुळीचा एबो आन्सा.

मी ओरडलो, न्सोना! कोणी मान वर केली नाही. माआमे रडत होत्या, म्हणजे त्यांना खरं वाटलं असेल. वाटलं असेल का?

वाट अडवून उभे आहेत. कापायलाच हवं. पडलं की सुटलो.

—

करवत छान चालते आहे. माझंच काम. भुसा लाल.

—

काप मिटायला लागला. पाचर ठोकायला हवी. भुसा काढायला डावा हात आत घातला आणि

मिटला. मनगटापर्यंत. दुखत नाही. करवत बंद केली. वही गुडघ्यावर.

हाका मारल्या. वाटेवर कोणी नाही. सगळे गेले.

आत ओलं आहे. गरम.

बोटं. आत बोटं आहेत. माझी नव्हेत. माझ्या बोटांत बोटं घालून —

टाक्यी? विचारलं. त्याने हात दाबला.

ओढतोय. कोपर गेलं. सोड बाबा, मी न्सो