वरच्या बाईचा व्यवसाय, माझी कला

४ जून
वरच्या बाईचं शिलाई मशीन सकाळी सातलाच सुरू. छताचा पोपडा थेट माझ्या विद्यार्थ्याच्या व्हायोलिनवर पडला. बास. तिचं बस्तान उठवल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही. राग म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून.

९ जून
परवाना खात्यात गेलो. राहत्या घरात व्यवसाय करू नये, असा कायदा आहे. पण व्यवसाय म्हणजे काय, ते त्यात कुठेच नाही. साहेब म्हणाले, दारावर पाटी नसेल तर खातं व्यवसाय धरत नाही. साहेबांच्या अंगात नवा शर्ट होता. तो कोणी शिवला ते मला कळतं. आता शत्रू दोन.

१० जून
हिने विचारलं, आपल्या तरी दारावर कुठे पाटी आहे? कला आणि धंदा यांतला फरक हिला कधी कळलाच नाही.

२ सप्टेंबर, दुपार
खात्यावर दावा लावला होता, आज सुनावणी. कोर्टात स्वतःच बोललो. वकील कशाला? विचारलं, कायदा मोघम असेल तर त्याचा अर्थ खात्याने लावायचा की कोर्टाने? खात्याचे वकील म्हणाले, रोजचं काम आमचं, अर्थही आम्हालाच ठाऊक. न्यायाधीशबाई माझ्याकडे बघून मान डोलावत होत्या. साहेबांचा चेहरा पाहून जेवण गोड लागलं.

२० नोव्हेंबर
जिंकलो. अर्थ लावणं कोर्टाचं काम, खात्याचं मत कोर्टावर बंधनकारक नाही. वर जाऊन बाईला निकाल मोठ्याने वाचून दाखवला. पुढचं पान वाचायचं राहिलं.

२१ नोव्हेंबर
पुढचं पान वाचलं. बाहेरच्यांकडून पैसे घेऊन घरात नियमित केलेलं कुठलंही काम म्हणजे व्यवसाय. शिवणकाम, शिकवण्या, सगळं. साहेब स्वतः नोटिसा घेऊन आले. एक वर, एक आमच्याकडे. म्हणाले, "मास्तर, आमचाच अर्थ बरा होता की नाही?"

२५ नोव्हेंबर
पैसे घेतले तर व्यवसाय ना? मग फुकट शिकवणार. सगळ्या विद्यार्थ्यांना कळवलं. साहेबांची कशी जिरली.

१ डिसेंबर
संध्याकाळभर दार उघडं ठेवलं. एकही विद्यार्थी नाही. एका आईचा फोन आला. म्हणाली, फी भरलेली असायची, म्हणून तरी तो येत होता.

मग वरची बाई आली. कोपऱ्यावर गाळा घेतलाय म्हणे. गिऱ्हाईक आवरत नाही. "भाऊजी, वहिनींना पाठवता का उद्यापासून? काजं-बटणांना माणूस हवंय."

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात ही आतूनच हो म्हणाली.

उद्यापासून हिचा डबा मी करायचा आहे.