टेकडीवरचा सिमेंटचा बाण

४ नोव्हेंबर
आजपासून टेकडीवर रोज पहारा. पाण्याची नवी पाइपलाइन आपल्या बाणाजवळून जाणार आहे. बाण म्हणजे सिमेंटचा, बसएवढा लांब, माथ्यावर आडवा पडलेला. पूर्वी टपालाची विमानं तो बघून दिशा धरत. अंधार पडला की शेजारच्या मनोऱ्यावर दिवा फिरे. त्याचा झोत आमच्या आणि शेजाऱ्यांच्या भिंतीवरून सरके, आणि लहानपणी दर फेऱ्याला मी शाळेतल्या कवितेचा एकेक चरण पाठ करी. मनोरा गेला. कविता अजून पाठ आहे. निदान पहिले दोन चरण.
मोजणीवाल्याने लाल डोक्याच्या खुंट्या ठोकल्या आहेत. बाणाच्या डावीकडे, चांगल्या चार पावलं लांब. माणूस सज्जन वाटतो.

६ नोव्हेंबर
टेकडीवर टेपराव. आमचे शेजारी, निवृत्त ड्राफ्ट्समन. खिशात कायम मोजायची टेप, म्हणून मी ठेवलेलं नाव. मोजणीवाल्याशी कुजबुज चालली होती. मला पाहून हसून नमस्कार केला. इतका गोड नमस्कार कोणी उगाच करत नाही.
हिला सांगितलं. म्हणाली, परवा तुमचा हरवलेला चष्मा त्यांनीच आणून दिला ना? मी म्हटलं, तो नेमका त्यांनाच कसा सापडला?

७ नोव्हेंबर, सकाळ
वाटलं तेच. खुंट्या हलल्या. आता बाणाच्या उजवीकडे, अगदी त्याला चिकटून. म्हणजे पाइप बाणाच्या छातीवरून काढायचा डाव.
ही म्हणते, टेपरावांना सरळ विचारा की, तोंड काय भाड्याने दिलंय? हिला राजकारण कळत नाही.

७ नोव्हेंबर, दुपार
मंडळी जेवायला गेल्यावर खुंट्या उपटून जुन्या भोकांत ठोकल्या. भुजंगप्रयाताच्या ठेक्यावर. बाण वाचला. कंबर धरली. उद्यापासून व्यायाम.

९ नोव्हेंबर
व्यायाम पुढे ढकलला. पहारा गॅलरीतून, दुर्बिणीने. टेपराव विचारपूस करून गेले. म्हणाले, बाणाची काळजी सोडा, मी सगळं बघितलंय. म्हणजे कबुलीच.

११ नोव्हेंबर
खोदायचं मशीन आलं. खुंट्या मी ठोकल्या तिथेच आहेत. निर्धास्त झोपलो.

१२ नोव्हेंबर
बाण मधोमध फुटला.
मोजणीवाला सांगत होता, खुंट्या चराच्या जागेवर कधी ठोकत नाहीत, खोदताना उखडतात. चर खुंट्यांच्या उजवीकडे, चार पावलं सोडून घ्यायचा असतो. टेपरावांनी हातापाया पडून खुंट्या बाणापलीकडे नेऊन घेतल्या होत्या, पण कोणा शहाण्याने परत आणल्या. टेपराव माझ्या कमरेकडे बघत होते.
संध्याकाळी ते बाणाचा एक तुकडा घेऊन आले. त्यावर जुना पिवळा रंग अजून होता. तुमच्याकडेच असू द्या म्हणाले. हिने चहा ठेवला. मी तुकडा हातात धरून डोळे मिटले, पहिले दोन चरण म्हटले आणि अडलो.
तिसरा टेपरावांनी म्हटला.
तो त्यांच्याकडे कुठून आला, याचा उद्या छडा लावायचा.